मोटारीचें तेल गळालें आणि राजपुत्र परत आणिला, ती हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. जिचे कृपेनें मुक्यास वाचा फुटते आणि रुतलें चाक निघतें, तिचे पायीं माथा ठेवून, ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें त्यांचे तोंडून जें ऐकिलें तें येथें लिहिलें. शके अठराशें सत्तावन्न, युवानाम संवत्सर, कार्तिकमास. घाटावर एक राज्य होतें, त्याचें नांव लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. मुलूख थोडा, डोंगर फार, वारा रात्रंदिवस. तेथें राजे हैबतराव राज्य करीत. घाटाखालीं नाईकांचें राज्य, मुलूख सपाट आणि सुखवस्तु. मधल्या कुरणावरून दोहों राज्यांत कलह जाहला, आणि राजे हैबतराव हरले, आणि मग तह जाहला. तहांत कलम ऐसें पडलें कीं, राजपुत्र सुभानराव, वय वर्षें आठ, यांनीं सात वर्षें नाईकांचे घरीं ओलीस राहावें. सात वर्षें भरतील ते दिवशीं त्यांचे मातुश्रींनीं जातीनें यावें, ज्या मोटारींतून लेंकरूं आलें त्याच मोटारींतून न्यावें, आणि सूर्य मावळण्याआधीं सीमेचें फाटक ओलांडावें. न घडल्यास आणखी सात वर्षें. नाईकांचे कारभारी विसाजीपंत मोठे संशयी, त्यांस भय कीं दुसरी वाहनें आलीं तर त्यांत शिपाई भरून येतील, म्हणून हें मोटारीचें कलम त्यांनीं घातलें. राजे हैबतराव यांनीं कागदावर शिक्का केला. राणी गुणवंताबाईसाहेब पडद्याआड उभ्या होत्या, त्यांनीं शिक्क्याचा आवाज ऐकिला, आणि ते दिवसापासून त्या राजांशीं कामापुरतेंच बोलत.

राणीसाहेबांचा स्वभाव आधींच उतावळा, पुत्र गेल्यावर तर त्या क्षणभर बसेनात. जेवण उभ्यानें, पूजा घाईनें, सदरेवर फेऱ्या, कोणी अर्ज सांगूं लागला तर त्याचें वाक्य पुरें होण्याआधीं उत्तर. दासी म्हणत, बाईसाहेबांचे पायांस चटके बसतात. आणि राजे उलट. बसले तर बसलेच, दुपारभर एका झाडाकडे पाहत राहतील, कोणी विचारिलें तर म्हणतील, "सरडा रंग बदलतो कीं नाहीं तें पाहतों." हें पाहून राणीसाहेबांचा संताप होई. पुत्रास सोडून मोटार परत आली ते दिवशीं राणीसाहेबांनीं मोटारखान्याचे दारोगे कासमभाई यांस बोलावून हुकूम केला कीं, "ही मोटार माझे दृष्टीस पडतां कामा नये. झांकून ठेवा, हात लावूं नका." कासमभाई हुकुमाचे बंदे. त्यांनीं मोटारीवर ताडपत्री घातली, मोटारखान्याचें दार लाविलें, आणि सात वर्षें मोटार जागची हालली नाहीं.

मग कार्तिकांत मुदत भरण्यास तीन दिवस उरले, तेव्हां ताडपत्री काढिली. कासमभाईंनीं मोटार पुसली, तेलपाणी केलें, आणि दुपारीं ती खोकत खोकत सुरू जाहली. राणीसाहेबांस मोटार हांकतां येत असे, माहेरीं शिकल्या होत्या. त्या तात्काळ चक्रापुढें बसल्या आणि म्हणाल्या, "देवळाचे उतारापर्यंत नेऊन पाहतें." कासमभाई म्हणाले, "बाईसाहेब, आधीं मी फिरवून पाहतों, बहुत दिवसांची उभी आहे." परंतु ऐकतें कोण? मोटार उतारास लागली, राणीसाहेबांनीं ब्रेक दाबिला, आणि मोटार थांबण्याचें सोडून मागून सरकली, तिचें तोंड उजवीकडे वळलें, आणि पुढें दरी. कासमभाईंनीं हातब्रेक दोन्हीं हातांनीं ओढिला, राणीसाहेबांनीं चक्र फिरविलें, मोटार रस्त्याचे कडेचे दगडास घासून उभी राहिली. मग कासमभाई खालीं उतरले, डाव्या मागल्या चाकामागें हात घातला, बाहेर काढिला तो काळा आणि चिकट. त्यांनीं हात राणीसाहेबांपुढें धरिला.

"आसाचें तेल आहे," ते म्हणाले. "दांडा चाकांत शिरतो तेथें चामड्याची चकती असते, तिला सील म्हणतात, ती तेल आंत राखते. ती वाळून कडक जाहली. तेल चाकांत उतरलें, ब्रेक भिजला. आणि या मोटारीस ब्रेक आहे तो मागल्याच दोन चाकांस."

"सील वाळली कशानें?"

कासमभाई जमिनीकडे पाहूं लागले.

"बोला. मी विचारतें आहें."

"उभी राहून, बाईसाहेब. मोटार फिरती असली म्हणजे तेल हालतें, चामडें ओलें राहतें. उभी राहिली म्हणजे वाळतें."

उभी ठेवण्याचा हुकूम कोणाचा होता तें दोघांसही ठाऊक होतें. मोटार ढकलीत परत आणिली, आणि राणीसाहेब पायीं पुढें चालल्या, इतक्या वेगानें कीं ढकलणारे मागें राहिले.

दुसरे दिवशीं काम मांडिलें. कासमभाईंची नजर अधू जाहली होती आणि बोटें कांपत, म्हणून ते सांगत आणि राणीसाहेब करीत. पदर खोंचून, बाह्या सावरून त्या जमिनीवर बसल्या. मोटार जॅकवर उचलली, चाक काढिलें, चाकाआडचें ब्रेकचें भांडें, ज्यास ड्रम म्हणतात, तें काढिलें, आणि आसाचा दांडा ओढून काढूं लागल्या, तों दांडा हालेना. राणीसाहेबांनीं ओढिला, शिव्या दिल्या, पुन्हां ओढिला. मग कासमभाईंनीं सुचविलें तैसें काढिलेलें चाकच दांड्यास उलटें अडकवून त्याला हिसके दिले, तेव्हां दांडा निघाला आणि राणीसाहेब चाकासहित पाठीवर पडल्या. लोक हंसूं कीं नको म्हणून थांबले. त्या उठल्या आणि आंत वांकून पाहूं लागल्या. जुनी सील लोखंडी कड्यांत बसलेली होती, चामडें पापडासारखें, बोट लावितां तुकडे पडले. नवी सील शहरांतून येण्यास आठवडा लागणार. मग पेठेंत सटवाजी म्हणून चामड्याचें काम करणारे होते त्यांस बोलाविलें. सटवाजींनीं तुकडे जुळवून माप घेतलें आणि म्हणाले, "मोटेची सोंड शिवतों, पखाली शिवतों, हें कधीं केलें नाहीं. एक बिघडेल, दुसरी बरी होईल. तिसरीस चामडें आहे." राणीसाहेब म्हणाल्या, "पहिलीच बरी करा." सटवाजी म्हणाले, "तें माझ्या हातीं असतें तर आपणांस सांगावें लागलें नसतें." आणि खरोखर पहिली बिघडली, दुसरी बरी जाहली. ती कोमट तेलांत भिजत ठेविली. ती भिजे तोंपर्यंत राणीसाहेबांनीं ब्रेकचे पट्टे घासलेटांत धुतले, उन्हांत वाळविले, कानशीनें घासले, पुन्हां धुतले. दर थोड्या वेळानें उठून चामडें दाबून पाहत. कासमभाई म्हणाले, "पाहिल्यानें लवकर भिजत नाहीं, बाईसाहेब."

इतक्यांत राजे हैबतराव मोटारखान्यांत आले आणि एक बादली पालथी घालून तिच्यावर बसले. राणीसाहेबांनीं मान वर न करितां विचारिलें, "आपण येथें काय करितां?"

"बसलों आहें."

"बसूं नये. कांहीं धरावें."

"काय धरूं?"

राणीसाहेबांनीं इकडे तिकडे पाहिलें. धरण्याजोगें कांहीं नव्हतें. "मग बसा," म्हणाल्या, आणि राजे बसून राहिले.

मग सील बसविण्याची वेळ आली. कासमभाई म्हणाले, "लांकडाचा गोल ठोकळा वर ठेवावा आणि चोहोंकडून हलके हलके ठोकावें. एकीकडून ठोकिली कीं तिरकी जाईल." राणीसाहेबांनीं चार ठोके हलके मारिले, पांचव्यास हात जड पडला. कासमभाईंनीं त्यांचें मनगट धरिलें. दारोग्यानें राणीचें मनगट धरिलें, ऐसें त्या राज्यांत कधीं घडलें नव्हतें. परंतु त्या क्षणीं कोणास त्याचें भान नव्हतें. "तिला घाई नाहीं," कासमभाई म्हणाले. "मला आहे," राणीसाहेब म्हणाल्या, आणि डोळ्यांत पाणी आलें, तें बाहीनें पुसतां गालावर काळा पट्टा उठला. मग त्या दीर्घ श्वास घेऊन पुन्हां ठोकूं लागल्या, आणि सील सरळ बसली. दांडा आंत घातला, ड्रम, चाक, सर्व यथास्थित जाहलें. सायंकाळ होण्यापूर्वीं मोटार गांवाभोंवतीं फिरविली. परत येऊन चाकामागें हात घातला, तो हात काळा आणि चिकट.

राणीसाहेबांनीं पाना भिंतीवर फेंकिला. कासमभाई भिंतीस टेकून खालीं बसले आणि म्हणाले, "मला समजत नाहीं. चामडें नवें, दांडा गुळगुळीत, बसविली सरळ. मला खरोखर समजत नाहीं." सटवाजी म्हणाले, "तिसरी करितों." मग तिसरी केली, भिजत घातली, आणि राणीसाहेब घरीं गेल्या, परंतु निजल्या नाहींत ऐसें दासी सांगतात.

तिसरे दिवशीं, तोच मुदतीचा दिवस, पहांटेपासून चाक पुन्हां उघडलें. राजे पुन्हां येऊन बादलीवर बसले. राणीसाहेबांस तें पाहवेना. मुलगा घाटाखालीं वाट पाहत असेल, सूर्य वर चढत आहे, आणि हे बसले आहेत. त्या त्यांचेकडे पाठ करून दुसरी सील काढूं लागल्या. तेव्हां राजे म्हणाले, "ती माशी पाहिली काय?"

"कोणती माशी?"

"कुंभारीण माशी. काल दिवसभर पाहिली. तोंडांत चिखलाची गोळी घेऊन मोटारीखालीं जाते, आणि रिकामी बाहेर येते. मोटार बाहेर गेली तेव्हां येथेंच घिरट्या घालीत होती. मोटार आली, पुन्हां लागली."

राणीसाहेब ताड्‌कन उभ्या राहिल्या. "सात वर्षांपूर्वीं शिक्का मारिला तेव्हांही आपण माशाच पाहत होतां काय?"

मोटारखान्यांत सर्व हात थांबले. राजे बादलीवरून उठले. ते उंच पुरुष, परंतु त्या वेळीं लहान दिसले. म्हणाले, "तेव्हां मी काय पाहत होतों तें सांगण्याजोगें नाहीं. शिक्का न मारितों तर नाईकांचे लोक घाट चढून येणार होते. पोर गेलें, तें माझेंही गेलें. त्या दिवसापासून मला कांहीं करण्याचें भय वाटतें, म्हणून पाहत बसतों. मी तुमचें कांहीं बरें केलें नाहीं. परंतु माशी खरोखर आहे. ऐकावें."

राणीसाहेब कांहीं बोलणार तों भिंतीकडून कासमभाई म्हणाले, "महाराज, माशी नेमकी कोठें जाते? मधोमध, आसाचा गोळा आहे तेथें? वरच्या अंगास?"

"वरच्याच अंगास."

कासमभाईंनीं कपाळावर हात मारिला. "अरे देवा! तेथें श्वासाचें छिद्र आहे. मोटार चालली कीं आंतलें तेल तापतें, हवा फुगते, ती त्या छिद्रांतून बाहेर पडते. तें छिद्र बुजलें तर हवा तेलास लोटते आणि तेल सीलमधून वाट काढतें. नवी घाला कीं जुनी घाला, गळणारच. मी कसा विसरलों?"

राणीसाहेब तत्काळ मोटारीखालीं सरपटत शिरल्या. आसावर हात फिरवितां मातीचें एक मडकें लागलें, बोराएवढें, आणि त्याखालीं दुसरें, जुनें, दगडासारखें. त्यांनीं तीं फोडिलीं, तारेनें छिद्र मोकळें केलें, तों आंत दडपलेली कोरडी माती भसकन त्यांचे तोंडावर पडली. राणीसाहेब मोटारीखालींच हंसल्या. कित्येक वर्षांत कोणीं तो आवाज ऐकिला नव्हता, म्हणून बाहेर उभ्या लोकांस प्रथम वाटलें कीं त्या रडतात. मग बाहेर आल्या, केंसांत माती, आणि राजांस म्हणाल्या, "आतां हें धरावें," आणि पाना त्यांचे हातीं दिला. राजांनीं पाना धरिला, चाकाचे नट आवळले, दोन वांकडे आवळले, ते राणीसाहेबांनीं सोडवून पुन्हां आवळले, परंतु रागावल्या नाहींत. ब्रेकचे पट्टे फिरून धुतले, तिसरी सील बसविली, मोटार गांवाभोंवतीं फिरविली. हात घातला, तो हात कोरडा निघाला.

तोंवर दुपार कलली होती. राणीसाहेब चक्रापुढें आणि कासमभाई शेजारीं बसले. राजे घाटाचे तोंडापर्यंत मोटारीबरोबर चालत आले, तहाप्रमाणें त्यांस पुढें जाण्याची मनाई. ते म्हणाले, "त्यास सांगावें कीं..." आणि थांबले.

"काय सांगूं?"

"कांहीं नको. घेऊन या."

मग मोटार घाट उतरूं लागली. एक वळण, दुसरें वळण, प्रत्येक वळणावर राणीसाहेब ब्रेक दाबीत, आणि मोटार थांबे, आणि पुन्हां सुटे. अर्ध्या घाटांत कासमभाईंनीं मोटार उभी करविली. राणीसाहेब म्हणाल्या, "सूर्य पाहा कोठें आला." कासमभाई म्हणाले, "ब्रेक तापला आहे, निवूं द्यावा." त्या उतरून रस्त्यानें वरखालीं चालूं लागल्या, दगड दरींत ढकलूं लागल्या, चाकामागें हात घालून पाहूं लागल्या. कोरडाच. मग निघालीं, आणि सूर्य डोंगराच्या कांठावर हातभर राहिला असतां फाटकांतून आंत शिरलीं.

विसाजीपंत फाटकाशीं उभे होते. त्यांनीं मोटारीभोंवतीं फेरी घातली, खालीं वांकून पाहिलें. म्हणाले, "हीच का ती मोटार? कीं रंग देऊन दुसरी आणिली?" राणीसाहेब म्हणाल्या, "दाराचे आंतल्या अंगास दांतांच्या खुणा आहेत. जातांना तो रडला नाहीं, दारास चावला. पाहून घ्यावें." पंतांनीं पाहिलें आणि बाजूस सरले. मग सुभानराव आले. मिसरूड फुटलेलें, उंची बापाची, अंगांत घाटाखालची बंडी. त्यांनीं पायांवर डोकें ठेविलें. राणीसाहेबांनीं सात वर्षें मनांत ठरविलें होतें कीं उराशीं धरीन, परंतु हात पुढें झाला तों थांबला, कीं हें पोर कोणाचें? सुभानराव म्हणाले, "प्रवास सुखाचा झाला का, आईसाहेब?" बोलण्याचा हेल घाटाखालचा. आणि उत्तराची वाट न पाहतां त्यांनीं मागें वळून पाहिलें.

मागें, वेशीचे भिंतीशीं, एक बाई उभी होती, वयानें प्रौढ, डोईवर पदर. पुढें येत नव्हती आणि जातही नव्हती. राणीसाहेबांनीं विचारिलें, "त्या कोण?"

"नाईकांच्या वहिनी. त्यांस मूलबाळ नाहीं. मला तापांत त्यांनीं..." सुभानराव थांबले, मग हळू म्हणाले, "मी त्यांस माई म्हणतों."

"निरोप घेतलास?"

"नाहीं. पंत म्हणाले, वेळ होईल. आणि आपणांस आवडणार नाहीं ऐसें मला वाटलें."

सूर्याचा खालचा कांठ डोंगरास लागला. विसाजीपंत म्हणाले, "मुदत संपते. चलावें किंवा राहावें." कासमभाईंनीं मोटार सुरू करून ठेविली. राणीसाहेब सूर्याकडे पाहत राहिल्या, पोराकडे पाहिलें, भिंतीशीं उभ्या बाईकडे पाहिलें. मग मोटारीचे दारास पाठ टेकून उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "जा. नीट निरोप घे. धांवत जाऊं नको आणि धांवत येऊं नको. मी येथें थांबतें."

"आईसाहेब, सूर्य..."

"सूर्याचें मी पाहतें. तूं जा."

सुभानराव गेले. राणीसाहेब उभ्या होत्या, पाय हालला नाहीं, हात हालला नाहीं. कासमभाई पुढें सांगत कीं, इतकीं वर्षें मी त्यांस पाहिलें, स्थिर उभें राहिलेलें तेवढेंच. भिंतीशीं त्या बाईनें पोराचे दोन्हीं गाल हातांत धरिले, कांहीं बोलली, मग स्वतःच त्यास मोटारीकडे वळविलें आणि लोटलें. सुभानराव येऊन मोटारींत बसले, राणीसाहेबांनीं चक्र धरिलें, मोटारीनें फाटक ओलांडलें, तेव्हां सूर्याची नखभर कोर शिल्लक होती. पंतांनीं ती पाहिली आणि फाटक लाविलें.

मोटार घाट चढूं लागली. राणीसाहेबांनीं पुढें पाहतच विचारिलें, "तापांत काय देत असत?" सुभानराव म्हणाले, "तांदळाची पेज, जिरें घालून." राणीसाहेब म्हणाल्या, "ती कशी करीत तें मला सांग. सावकाश सांग."

ऐसी हकीकत जाहली. यांत कोणी मुलूख जिंकिला नाहीं, कुरण नाईकांकडेंच राहिलें. पुढें सुभानराव गादीवर बसले, आणि दर सणास घाटाखालीं माईंकडे जात, आणि राणीसाहेब स्वतः मोटार हांकून त्यांस फाटकापर्यंत नेत आणि ते परत येत तोंवर मोटारींत बसून राहत. एके वर्षीं दिवाळींत त्या बाईनें फाटकापर्यंत येऊन फराळाचें ताट मोटारीचे खिडकींतून आंत दिलें, आणि राणीसाहेबांनीं दार उघडून तिला शेजारीं बसविलें. इतकेंच लिहिण्याजोगें होतें.